घाटात हरवणारा ब्रेक

जुन्या जीपगाड्या वापरणाऱ्यांकडून एक तक्रार नेहमी ऐकू येते. भरलेली गाडी घाट उतरत असते. निम्मा घाट उतरेपर्यंत ब्रेक चांगला लागतो. मग पेडल हळूहळू खोल जाऊ लागते आणि एखाद्या वळणावर थेट तळाला टेकते. चालक गिअर बदलून, हँडब्रेक ओढून कशीबशी गाडी डोंगराच्या बाजूला थांबवतो. तासाभराने ती गॅरेजात पोचते, तेव्हा पेडल पुन्हा पहिल्यासारखे टणक झालेले असते! मिस्त्री चाके खोलून पाहतो. तेल गळत नाही, लायनिंग शाबूत आहे. "काही दोष नाही" असे सांगून तो गाडी परत देतो.

दोष होता आणि तो अजूनही गाडीतच आहे. तो फक्त तापल्यावर दिसतो आणि थंड झाल्यावर लपतो, एवढेच. तो कोठे लपला आहे हे समजण्यासाठी मोठ्या यंत्रशाळेची गरज नाही. माध्यमिक शाळेत आपण शिकवतो ते पास्कल व बॉइल यांचे नियम, उत्कलनबिंदू आणि ऊर्जेची अक्षय्यता एवढे पुरे आहे. आपल्याकडे कमांडर, आर्मडा, सुमो यांसारखी जुनी वाहने गावोगावी आजही धावतात. साध्या पान्यांनी खोलता येत असल्यामुळे त्यांची बरीचशी देखभाल मालक स्वतःच करतात. ही देखभाल समजून केली तर काय साधते, ते ब्रेकच्या उदाहरणावरून पाहू.

पायापासून चाकापर्यंत

जुन्या जीपच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. चाकाबरोबर फिरणारा बिडाचा ड्रम असतो. त्याच्या आत दोन अर्धगोलाकार ‘शू’ बसवलेले असतात आणि शूंवर घर्षणाचे अस्तर, म्हणजे लायनिंग असते. पेडल दाबले की शू फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. पायाचा जोर शूपर्यंत पोचवण्याचे काम नळ्यांमधले तेल करते. चार चाकांना असे द्रवचलित ब्रेक असलेली पहिली प्रवासी मोटार अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीने १९२१ मध्ये बाजारात आणली. त्यामागचे तत्त्व मात्र ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) याने सतराव्या शतकातच मांडले होते. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हे ते तत्त्व.

आकडेमोडीसाठी सोयीची उदाहरणे घेऊ. समजा, पायाने पेडलवर २०० न्यूटन बल लावले, म्हणजे सुमारे २० किलो वजनाइतके. पेडल ही एक तरफ आहे. ती बल पाचपट करते असे मानू. मग मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १,००० न्यूटन बल येईल. दट्ट्याचा व्यास २५ मिलिमीटर धरला, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४.९ चौरस सेंटिमीटर भरते. यावरून तेलाचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे वीसपट येतो. प्रत्येक चाकाच्या सिलिंडरमध्ये दोन दट्टे असतात. चार चाकांचे मिळून आठ दट्टे झाले. तेही २५ मिलिमीटरचेच असतील, तर प्रत्येकावर १,००० न्यूटन, म्हणजे एकूण ८,००० न्यूटन बल मिळते. पायाच्या बलाची चाळीसपट वाढ झाली!

पण निसर्ग फुकट काही देत नाही. बल चाळीसपट वाढले की अंतर चाळीसपट कमी होते. पेडल १० सेंटिमीटर खाली गेले, तर शू ढकलणारा प्रत्येक दट्ट्या जेमतेम अडीच मिलिमीटर सरकतो. या वेळी मास्टर सिलिंडरमधून बाहेर पडलेले तेल असते अवघे दहा घन सेंटिमीटर, म्हणजे दोन चहाचे चमचे. हे दोन चमचे आणि अडीच मिलिमीटर लक्षात ठेवू. ब्रेकच्या बहुतेक तक्रारी या छोट्याशा शिलकीतून काहीतरी वाया गेल्यामुळे उद्भवतात.

गती जाते कोठे?

ब्रेक गाडीची गती ‘नाहीशी’ करतो असे आपण बोलतो. प्रत्यक्षात तो गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतो. माणसांसह १,६०० किलोग्रॅमची जीप ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे २२० किलोज्यूल असते. चारही ड्रमचे मिळून वजन २८ किलो धरू. बिडाची विशिष्ट उष्णता लक्षात घेता, गाडी एकदा थांबवल्यावर ड्रमचे तापमान साधारण १७ अंशांनी वाढेल. सपाट रस्त्यावर मधूनमधून ब्रेक लावताना ही उष्णता वाऱ्याने निघून जाते. काळजीचे कारण नाही.

आता हीच गाडी लोणावळ्याहून जुन्या रस्त्याने खोपोलीला उतरवू. उंचीतला फरक सुमारे ५५० मीटर आहे. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की स्थितिज ऊर्जा मिळते. ती येते सुमारे ८,६०० किलोज्यूल. ताशी ६० किलोमीटरवरून गाडी जवळपास ३९ वेळा थांबवण्याइतकी ही ऊर्जा आहे. तेवढ्या उष्णतेने दोन बादल्या, म्हणजे सुमारे २७ लिटर गार पाणी उकळीला येईल. ही सगळी उष्णता ड्रममध्येच साठली असती, तर त्यांचे तापमान साडेसहाशे अंशांहून अधिक वाढले असते. सुदैवाने बरीचशी उष्णता हवेत जाते आणि काही ऊर्जा हवेचा रोध व टायर यांत खर्च होते. तरीही, सतत ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरणाऱ्या गाडीचे ड्रम दोनशे-तीनशे अंशांपर्यंत सहज तापू शकतात.

यातून सुटण्याचा मार्ग इंजिनातच आहे. खालच्या गिअरमध्ये चाके इंजिनाला फिरवतात. इंजिनातील घर्षण आणि हवा ओढण्या-दाबण्याचे काम यांत ऊर्जा खर्च होते, आणि ती उष्णता रेडिएटर व धुराड्यावाटे बाहेर पडते. "ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा" हा जुन्या चालकांचा नियम म्हणजे ऊर्जाशास्त्रच आहे. याउलट, डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून सोडली, तर दोन बादल्या पाणी उकळण्याची जबाबदारी जवळजवळ एकट्या ड्रमवर येते. इंजिनच बंद केले, तर ब्रेकला निर्वाताची मदत देणारा बूस्टर असलेल्या गाडीत ती मदतही दोन-तीन वेळा पेडल दाबल्यावर संपते.

दोष लपतो कसा?

ड्रम तापले की तीन गोष्टी घडतात. पहिली, ड्रम प्रसरण पावतो. २५ सेंटिमीटर व्यासाचा ड्रम ३०० अंशांनी तापला, तर व्यास सुमारे ०.८ मिलिमीटरने वाढतो. म्हणजे प्रत्येक शूला ०.४ मिलिमीटर जास्त अंतर जावे लागते, आणि शू एका टोकाला टेकलेला असल्याने दट्ट्याला त्याहूनही जास्त. अडीच मिलिमीटरच्या शिलकीतून हे वजा होते आणि पेडल खोल जाते. दुसरी, फार तापलेल्या लायनिंगचे घर्षण कमी होते. अशा वेळी पेडल टणक असते, पण गाडी थांबत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत घातक. ब्रेकचे तेल हे खनिज तेल नव्हे. ते मुख्यतः ग्लायकॉल वर्गातील रसायनांचे बनलेले असते, आणि या रसायनांना पाण्याची ओढ असते. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, तसेच हे तेल टाकीच्या झाकणातून आणि रबरी नळ्यांमधूनही हवेतील बाष्प शोषते. ‘डॉट-३’ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५° से. असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी शिरल्यावर तो किमान १४०° से. असला तरी चालतो, असे प्रमाण आहे. ‘डॉट-४’ साठी हेच आकडे २३०° आणि १५५° आहेत. म्हणजे शेकडा चार भागांहून कमी पाण्याने उत्कलनबिंदू साठ-सत्तर अंशांनी खाली येऊ शकतो.

तापलेल्या ड्रमची उष्णता शूमधून चाकाच्या सिलिंडरला पोचते आणि जुने तेल उकळू लागते. पाण्याचा एक थेंब, ०.०५ घन सेंटिमीटर धरला, तर त्याची साध्या दाबाखाली सुमारे ८५ घन सेंटिमीटर वाफ होते. पेडलच्या एका दाबात आपल्याकडे तेल असते दहा घन सेंटिमीटर! वाफ तेलाला टाकीकडे मागे ढकलते. पुढच्या वेळी पेडल दाबले की ते वाफ दाबण्यातच संपते.

येथे प्रेशर कुकर आठवावा. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो. पेडल दाबलेले असताना तेल उच्च दाबाखाली असते, त्यामुळे ते उकळत नाही. पाय उचलला की दाब उतरतो आणि तेच तापलेले तेल उकळते. घाटात चहासाठी थांबलेल्या गाडीचा ब्रेक निघताना पहिल्याच वळणावर दगा देतो, तो याचमुळे. गाडी उभी असताना ड्रमना वारा लागत नाही, त्यांची उष्णता आत सिलिंडरकडे झिरपते आणि तेलावर दाबही नसतो.

गाडी थंड झाली की वाफेचे पुन्हा द्रवात रूपांतर होते आणि पेडल टणक होते. मिस्त्रीला दोष सापडत नाही, कारण तेलातील पाणी डोळ्यांना दिसत नाही. उपाय मात्र सोपा आणि स्वस्त आहे. तेल साधारण दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावे. गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण पंधरा वर्षांनी येते, तेलाचे म्हातारपण दोन वर्षांत येते.

पेडलची भाषा

पेडल कसे वागते यावरून दोष कोठे आहे याचा अंदाज घरच्या घरी करता येतो. पेडल खोल जाते, पण लागोपाठ दोनदा दाबल्यावर वर येते आणि टणक लागते, तर लायनिंग झिजले आहे किंवा शू व ड्रममधले अंतर वाढले आहे. शू जुळवून घ्यावेत.

पेडल स्पंजसारखे मऊ लागत असेल, तर नळ्यांत हवा आहे. बॉइलच्या नियमाने हिशेब करा. चार घन सेंटिमीटर हवेचा बुडबुडा वीसपट दाबाखाली ०.२ घन सेंटिमीटर होतो. दहापैकी जवळजवळ चार घन सेंटिमीटर तेल त्याला दाबण्यातच वाया गेले!

पेडलवर पाय स्थिर ठेवला असता ते सावकाश खाली जात राहिले, तर दाब कोठेतरी सुटतो आहे. चाकांची आतली बाजू ओली आहे का, रबरी नळ्यांना चिरा किंवा फुगवटे आहेत का ते पाहावे. बाहेर कोठेच ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरमधील वाटीच्या आकाराचे रबर झिजले असण्याचा संभव आहे. पेडल टणक, पण गाडी थांबत नाही, असे असेल तर लायनिंगवर तेल, ग्रीस किंवा पाणी आले आहे, अथवा बूस्टर काम करत नाही. ओढा ओलांडल्यावर असे झाले, तर हळू चालवत ब्रेक हलकेच धरून ड्रम सुकवून घ्यावेत. ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढत असेल, तर डाव्या-उजव्या चाकांचे घर्षण सारखे नाही. आणि थंडीत टणक, तापल्यावर मऊ व खोल, हे लक्षण जुन्या तेलाचे.

घरी करण्याजोगे काम

तेल बदलणे आणि हवा काढणे हे दोघांचे काम आहे. आधी गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करावी. येथे जुन्या जीपबाबत एक इशारा महत्त्वाचा आहे. यांपैकी अनेक गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसतो, तो गिअरबॉक्समागील फिरत्या दांड्यावर असतो. मागचे एक चाक जॅकवर उचलले की डिफरन्शियलमुळे ते चाक एका दिशेला आणि जमिनीवरचे चाक उलट दिशेला फिरू शकते. दांडा घट्ट धरलेला असूनही गाडी सरकते आणि जॅकवरून पडते! म्हणून जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत, आणि केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये.

मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाडीत ते बहुधा मागचे डावे चाक असते. चाकाच्या सिलिंडरला हवा काढण्याचे निपल असते. त्यावर पारदर्शक नळी बसवून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या थोड्या तेलात बुडवावे. एकाने पेडल सावकाश दाबून धरावे. दुसऱ्याने निपल अर्धा फेरा सैल करून तेल व बुडबुडे बाहेर येऊ द्यावेत, निपल बंद करावे, आणि मगच पहिल्याने पाय उचलावा. हा क्रम चुकला तर हवा उलट आत ओढली जाते. नळीतून स्वच्छ, बुडबुडेविरहित तेल येईपर्यंत हे चालू ठेवावे. टाकी मधूनमधून भरत राहावी, ती रिकामी होता कामा नये. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत नेऊ नये, त्याखाली लाकडाचा तुकडा ठेवावा. एरवी दट्टे सिलिंडरच्या ज्या भागात जात नाहीत, तेथे गंज असतो आणि तो रबर कापतो.

तेल सीलबंद डब्यातले आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच घ्यावे. महिनोन्‌महिने उघडा राहिलेला डबा वापरू नये. बाटलीत जमलेले तेल पुन्हा ओतू नये. इंजिन ऑइल तर चुकूनही टाकू नये, त्याने रबरे फुगून सगळेच ब्रेक निकामी होतात. हे तेल विषारी असते आणि रंगही खाते. सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे. ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकू नये. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि त्याचे तंतू फुप्फुसांना घातक असतात. ओल्या फडक्याने धूळ पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. काम संपल्यावर इंजिन चालू करून पेडल मिनिटभर दाबून पाहावे, आणि मोकळ्या सपाट जागी अगदी कमी वेगात चाचणी घ्यावी.

सिलिंडर बदलणे, गंजलेल्या धातूच्या नळ्या बसवणे ही कामे जाणकार मिस्त्रीकडेच द्यावीत. जुन्या जीपमध्ये चारही चाकांचे तेल एकाच मंडलात असते. एक नळी फुटली की चारही ब्रेक जातात. तशी वेळ घाटात आलीच, तर पेडल भराभर पंप करावे, एकेक गिअर खाली आणावा, हँडब्रेक क्रमाक्रमाने ओढावा आणि गाडी डोंगराच्या बाजूला घ्यावी. हँडब्रेक तारेने किंवा दांड्याने चालतो, त्याचा तेलाशी संबंध नसतो. म्हणून तो नेहमी चालू स्थितीत ठेवावा.

मोठ्या ट्रकमध्ये तेलाऐवजी दाबलेली हवा ब्रेक चालवते. तेथे शत्रू पाणीच, पण वेगळ्या वाटेने येणारे. कॉम्प्रेसरने दाबलेली हवा टाकीत थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. टाकीच्या तळाचा कॉक उघडून ते नियमित काढावे लागते. एवढे काम चालक करू शकतो. मात्र ज्या डब्यात जोराने दाबलेली स्प्रिंग असते, तो ब्रेकचा डबा कोणीही घरी उघडू नये. ती स्प्रिंग उसळून जीव जाऊ शकतो.

वर्गात करण्याजोगे प्रयोग

सुई नसलेल्या दोन नव्या पिचकाऱ्या, एक ५ आणि एक २० मिलिलिटरची, सलाइनच्या नळीच्या तुकड्याने जोडा. आत पाणी भरा, हवा राहू देऊ नका. दोन मुलांना दोन्ही दट्टे एकमेकांविरुद्ध दाबायला सांगा. लहान पिचकारीचा मुलगा मोठ्याला सहज हरवतो! दट्ट्यांचे व्यास मोजून क्षेत्रफळांचे गुणोत्तर काढा आणि दोन्ही दट्टे किती सरकले त्याच्याशी ताडून पाहा. मग मुद्दाम दोन मिलिलिटर हवा आत घ्या. पेडल स्पंजसारखे होणे म्हणजे काय, ते बोटांना कळेल.

दुसऱ्या प्रयोगासाठी ब्रेकचे तेल वापरू नये. औषधाच्या दुकानातील ग्लिसरीन घ्यावे, त्यालाही पाण्याची ओढ असते. उथळ बशीत मोजून ग्लिसरीन ठेवा आणि तराजूवर रोज वजन करा. जुलैमध्ये आणि एप्रिलमध्ये हा प्रयोग करून दोन्ही आलेख शेजारी काढा. शेजारी घट्ट बूच लावलेली बाटलीही ठेवा. झाकण नीट लावण्याचे महत्त्व निराळे सांगावे लागणार नाही.

विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या घरी जुने वाहन असेल, तर त्याला एकच प्रश्न विचारून यायला सांगा: "आपल्या गाडीचे ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले?" बहुतेक घरांत याचे उत्तर आठवत नाही. ते तारखेसह झाकणाजवळ लिहून ठेवायला सांगितले, तर भौतिकशास्त्राचा हा पाठ पुढचा घाट उतरताना कामी येईल.